पिनेवर पेललेला पूल

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बॅटल क्रीक शहराजवळ एक उद्यान आहे आणि ते पुलांचं आहे. राज्यातल्या वेगवेगळ्या खेड्यांतून जुने लोखंडी पूल सुटे करून तिथे आणले, दुरुस्त केले आणि पुन्हा जोडून उभे केले. आता त्यांवरून गाड्या जात नाहीत. माणसं पायी फिरतात, थांबतात, मान वर करून बघतात. त्यातला एक पूल गेल रोडचा. 1897 साली शेजारच्या इंडियाना राज्यातल्या लाफायेट इंजिनिअरिंग कंपनीने तो ग्रँड नदीवर, खेड्यातल्या रस्त्यासाठी बांधला होता. लांबी 122 फूट. आकाराने तो काही मोठा नाही. कुणा नामवंत इंजिनिअरचं नाव त्याच्याशी जोडलेलं नाही, आणि या जातीचे हजारो पूल त्या काळात त्या देशात उभे राहिले होते. तरीही बांधकामाचं शास्त्र शिकवायला मला एकच वस्तू निवडायला सांगितली तर मी असाच पूल निवडेन. कुठल्या भागावर ओढ आहे, कुठल्या भागावर दाब आहे, कुठे जास्त आहे, कुठे कमी आहे, हे सगळं या पुलात उघड्यावर मांडलेलं असतं. कुठे बघायचं एवढं फक्त ठाऊक हवं.

अशा पुलाला ट्रस पूल म्हणतात. रेल्वेने जाताना खिडकीबाहेर लोखंडी तिरप्या पट्ट्या धडधडत मागे पळताना आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. तोच हा प्रकार. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण एकापुढे एक जोडून उंच चौकट करायची, अशा दोन चौकटी रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या करायच्या, त्यांच्यामध्ये आडव्या तुळया टाकायच्या, तुळयांवर फळ्या अंथरायच्या, की झाला पूल. त्रिकोणच का? चार पट्ट्यांच्या चौकोनाचे कोपरे ढिले असले की तो भाराने कलतो. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची लांबी जोवर तीच आहे तोवर त्याचा आकार बदलूच शकत नाही. तो मोडायचा तर एखादी बाजू तुटावी तरी लागते किंवा वाकावी तरी लागते. म्हणून ट्रसमधल्या प्रत्येक पट्टीच्या वाट्याला दोनांपैकी एक काम येतं: ताण सोसणं किंवा दाब सोसणं.

हे गणित फार जुनं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतले लाकडी ट्रस पूल कसबी सुतार बांधत आणि अंगच्या अनुभवावर बांधत. न्यूयॉर्क राज्यातल्या स्क्वायर व्हिपल या इंजिनिअरने 1847 मध्ये पूलबांधणीवर एक छोटं पुस्तक छापलं आणि ट्रसच्या प्रत्येक पट्टीत किती जोर येतो ते कागदावर कसं काढायचं हे सांगितलं. या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: सांध्यापाशी पट्ट्या मोकळ्या फिरू शकतात. सांधा जखडलेला असला तर पट्टी नुसती ओढली किंवा दाबली जात नाही, ती वाकवलीही जाते, आणि मग आकडेमोड फार किचकट होते. त्यावर उपाय असा निघाला की सांधा खरोखरच फिरता ठेवायचा. पट्ट्यांच्या टोकांना भोकं पाडायची, ती एका रेषेत आणायची आणि त्यांतून एक जाड लोखंडी पिन ओवायची. त्यामुळे कागदावरचा हिशेब आणि नदीवरचा पूल एकमेकांना बऱ्यापैकी जुळले. अमेरिकेच्या खेड्यांतले पूल पुढे कित्येक दशकं या पिनेवर उभे राहिले. त्यांची सोय, त्यांचं दुबळेपण आणि आज त्यांना मिळत असलेलं दुसरं आयुष्य, या तिन्हींचं मूळ त्या पिनेत आहे.

गेल रोडचा पूल प्रॅट पद्धतीचा. बोस्टनच्या थॉमस प्रॅटने वडील केलेब यांच्यासह 1844 मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. त्याआधी चार वर्षं विल्यम हाऊ याने दुसरी एक रचना नोंदवली होती. दोन्हींत उभे खांब आहेत आणि तिरपे कर्ण आहेत. कर्ण कुठल्या बाजूला झुकतात एवढाच काय तो डोळ्यांना दिसणारा फरक. हाऊच्या रचनेत कर्णांवर दाब येतो आणि उभ्या पट्ट्यांवर ताण. प्रॅटने कर्ण उलटे फिरवले, तसा ताण कर्णांकडे गेला आणि दाब उभ्यांकडे.

या बदलाचं मोल कळायला खराट्याची एक काडी पुरे. दोन्ही टोकं धरून ओढा, काडी सहजी तुटत नाही. तीच दोन बोटांमध्ये धरून दाबा, लगेच बाक येतो आणि मोडते. तिचा आखूड तुकडा घ्या, तो बराच दाब सोसतो. बारीक, लांब वस्तू दाबाखाली चिरडून मोडत नाही, ती वाकून मोडते. आणि लांबी दुप्पट केली की तिला वाकवायला पूर्वीच्या चौथाई दाबच पुरतो. ट्रसमध्ये कर्ण उभ्या खांबापेक्षा लांब असणारच. तेव्हा दाब आखूड उभ्यांना द्यावा आणि लांब कर्णांना ताण द्यावा, यात लोखंडाची बचत आहे, कारण ताण सोसणारी पट्टी लांब असली तरी बारीक चालते. हाऊची रचना लाकडासाठी उत्तम होती: जाड लाकडी कर्ण आणि लोखंडाच्या उभ्या सळया. ती सगळीच्या सगळी लोखंडात उतरवण्याचा प्रयत्न ओहायो राज्यात अ‍ॅश्टाब्युला इथल्या रेल्वे पुलावर झाला. 29 डिसेंबर 1876 च्या रात्री हिमवादळात तो पूल आगगाडीसकट कोसळला आणि सुमारे 90 माणसं गेली. रचनेतल्या दोषांवर तेव्हा खूप चर्चा झाली आणि पुलांची तपासणी हा सार्वजनिक प्रश्न बनला.

आता प्रॅट पुलात शिरू. तोंडाशी दोन्ही बाजूंना तिरपा, भक्कम खांब असतो. पुलाचा बहुतेक भार काठाकडे पोचवणारा हाच, म्हणून त्याच्यावर मोठा दाब. तो वर जाऊन माथ्यावरच्या आडव्या दांड्याला मिळतो. त्या दांड्यावरही दाबच. दोघांची घडण त्यामुळे सारखी असते: दोन चॅनेल, म्हणजे पन्हळीसारखे लोखंडी दांडे, समोरासमोर ठेवून वरून सलग पत्रा रिव्हेटने, म्हणजे डोकं ठोकून बसवलेल्या मेखांनी, जोडलेला, खालची बाजू मात्र उघडी. वरचा पत्रा पाऊस अडवतो, उघड्या बाजूने शिरलेलं पाणी निघून जातं, आणि रंगाऱ्याचा हातही आत पोचतो.

मधले उभे खांब पाहा. इथेही दोन चॅनेल, पण एकमेकांपासून वीतभर दूर, आणि त्यांना सांधणाऱ्या तिरप्या पट्ट्यांची खालपासून वरपर्यंत नागमोडी वीण. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती शोभेची वाटते. खरं तर ती पुलातली सर्वांत हिशेबी गोष्ट आहे. दाबाखाली वाकू नये यासाठी लोखंड खांबाच्या मध्यरेषेपासून जितकं दूर तितकं चांगलं. तेवढंच लोखंड एका भरीव सळईत घातलं तर ती सळई केव्हाच वाकेल. दोन चॅनेल अंतरावर ठेवून पट्ट्यांनी एकमेकांना बांधले की दोघं मिळून एका जाड खांबाचं काम करतात. मधली पोकळी म्हणजे वाचवलेलं वजन आणि वाचवलेला पैसा.

टोकाच्या खांबानंतर येणारी पहिली उभी पट्टी मात्र अगदी हडकुळी असते, कधी नुसती सळई. तिच्या शेजारचा उभा खांब चांगला धिप्पाड आणि ही अशी का, असा प्रश्न पडायलाच हवा. तिच्यावर दाब नाहीच. खालची एक तुळई तिला टांगलेली आहे, एवढंच तिचं काम, म्हणजे निव्वळ ताण. ट्रस पूल वाचायला शिकणाऱ्याने पहिला धडा इथे घ्यावा: बारीक दिसलं की ताण, जाड आणि जाळीदार दिसलं की दाब.

पुलाच्या तळाशी दोन्ही काठांना जोडणारा जो खालचा दांडा, त्यावर पूर्ण ताण. तो सपाट पट्ट्यांच्या जोड्यांचा असतो आणि काठाकडून मध्याकडे जाताना पट्ट्या जाड होत जातात, कारण पूल मध्याशी सर्वांत जास्त वाकू पाहतो. कर्णांचं उलट. काठाजवळचे कर्ण जाड, मध्याकडचे बारीक, कारण मधला भार काठाकडे नेताना प्रत्येक पुढच्या कर्णावर आधीच्यापेक्षा जास्त ओझं जमत जातं. पुलाच्या एका बाजूला उभं राहून नजर सावकाश मध्याकडे नेली तर एक गोष्ट जाड होत जाते आणि दुसरी बारीक, हा दोन्हींचा चढउतार डोळ्यांना दिसतो. मला यापेक्षा सुंदर आलेख कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही.

मधल्या एकदोन चौकोनांत कर्ण एकमेकांना छेदून फुलीसारखे दिसतात. त्याचंही कारण आहे. पूल रिकामा असताना किंवा सगळीकडे सारखा भरलेला असताना मधल्या कर्णांना फारसं काम नसतं. पण धान्याने भरलेली गाडी पुलाच्या एकाच अर्ध्यात असते तेव्हा मध्याशी जोराची दिशा उलटते आणि ताणासाठी केलेल्या बारीक कर्णावर दाब येऊ पाहतो. तो त्याला झेपणारा नाही. म्हणून विरुद्ध दिशेने दुसरी बारीक सळई टाकतात. गाडी इकडे असली की एक कर्ण काम करतो, तिकडे गेली की दुसरा. या सळईच्या मध्यावर टर्नबकल असतं, ते पिळून तिला हवं तितकं ताणता येतं. वर्षानुवर्षं दुर्लक्षित पुलात ही सळई हाताने हलवली तर खडखडते. ती सैल असणं हे पुलाची देखभाल थांबल्याचं पहिलं लक्षण.

आता पिनेपाशी, म्हणजे खालच्या दांड्यावरच्या एखाद्या सांध्यापाशी, वाकून बघू. दोनतीन इंच जाडीची पिन, दोन्ही टोकांना आटे आणि नट. तिच्यात डावीकडून येणाऱ्या पट्ट्या, उजवीकडून येणाऱ्या पट्ट्या, वरून उतरणारे कर्ण, उभ्या खांबाचा पाय आणि तुळई टांगायची लोखंडी कडी, एवढं सगळं ओवलेलं असतं. या सपाट पट्ट्यांना आयबार म्हणतात. टोकाशी त्या रुंद, गोल होतात आणि त्या गोलात भोक असतं. भोकाने जेवढं लोखंड गेलं त्याची भरपाई करण्यापुरतं डोकं रुंद ठेवलेलं; नाहीतर पट्टी भोकापाशीच तुटली असती. पिनेवर कोणती पट्टी कुणाशेजारी बसवायची याचाही क्रम ठरलेला असतो. डावीकडे ओढणारी आणि उजवीकडे ओढणारी पट्टी लगत लगत बसवली तर दोघींची ओढ एकमेकींना तिथल्या तिथे मारते आणि पिन वाकत नाही. सगळ्या डाव्या एकीकडे आणि सगळ्या उजव्या दुसरीकडे घातल्या तर तीच पिन वाकते. नकाशा करणाऱ्या माणसाने हा क्रम प्रत्येक सांध्यासाठी काढलेला असतो. खेड्यातल्या साध्या पुलासाठी घेतलेली ही काळजी पाहिली की त्या नकाशानविसांबद्दल आदर वाटतो.

पिनेला पर्याय रिव्हेटचा होता, आणि कारखान्यात रिव्हेट वापरलेही जात. चॅनेल, पत्रा, तिरप्या पट्ट्या सगळं रिव्हेटनेच जोडलेलं. तिथे वाफेवर किंवा पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रं रिव्हेट पक्के दाबून बसवत. नदीकाठी ती यंत्रं नव्हती. तिथे भट्टी, चिमटा आणि हातोडा, आणि हाताने ठोकलेल्या रिव्हेटचा भरवसा कमी. पिनेमुळे नदीवर रिव्हेट मारायचं काम फारच थोडं उरे. सुटे भाग आगगाडीने जवळच्या स्टेशनावर येत, तिथून घोड्यांच्या गाड्यांनी नदीवर. नदीच्या पात्रात लाकडी परांची उभी करायची, तिच्यावर भाग मांडायचे, भोकं जुळवायची, पिनेच्या टोकाला निमुळती टोपी लावून ती ठोकत आत न्यायची आणि नट आवळायचा. कंपनीचे मोजके जाणकार लोक आणि गावातले मजूर मिळून हे काम उरकत.

या पुलांमागचा व्यापारही समजून घ्यायला हवा. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या काळात लोखंडाच्या गिरण्या वाढल्या, रेल्वेचं जाळं पसरलं, आणि शेतमाल स्टेशनापर्यंत न्यायला खेड्यांना बारमाही रस्ते हवे झाले. पूल बांधणं हे काउंटीचं काम, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थेचं. ओहायोतली क्लीव्हलंडची किंग आयर्न ब्रिज कंपनी, कँटनची रॉट आयर्न ब्रिज कंपनी अशा कंपन्यांचे विक्रेते छापील कॅटलॉग घेऊन काउंटीच्या सभासदांकडे जात. लांबी सांगा, रुंदी सांगा, पूल पाठवतो. विक्रेते आपसांत संगनमत करून दर चढे ठेवत, असे आरोपही तेव्हा होत. पुलाच्या तोंडावर, माथ्याशी, बिडाची पाटी लावत. तिच्यावर कंपनीचं नाव, वर्ष आणि कित्येकदा काउंटीच्या सभासदांची नावं. कोपऱ्यांवर बिडाचे कळस, कमानीत नक्षी. खर्च काटकसरीने केलेल्या पुलावर एवढीच काय ती हौस, आणि ती गावाच्या तोंडाशी दिसेल अशी. 1900 साली बँकर जे. पी. मॉर्गनच्या पुढाकाराने यातल्या दोन डझनांहून अधिक कंपन्या अमेरिकन ब्रिज कंपनीत विलीन झाल्या आणि गावोगावच्या छोट्या कारखान्यांचं स्वतंत्र वळण हरवत गेलं.

पाटी ज्या चौकटीवर असते ती मात्र हौसेची नाही. दोन्ही बाजूंचे ट्रस उंच आणि पातळ. वाऱ्याने ते आडवे कलू नयेत म्हणून माथ्यावर त्यांना एकमेकांशी आडव्या आणि फुलीच्या पट्ट्यांनी बांधतात. तोंडाशी फुली टाकली तर गाडी आत कशी जाणार? म्हणून तिथे वरच्या भागात जाळीची मजबूत चौकट करतात आणि खाली वाट मोकळी ठेवतात. लहान गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर कमी असेल तर, ट्रस माणसाच्या छातीएवढे किंवा जरा उंच पुरतात. माथ्यावर काही लागत नाही, त्याला पोनी ट्रस म्हणतात. गेल रोडच्या पुलाची आणखी एक खोड आहे. रस्ता नदीला काटकोनात छेदत नव्हता, म्हणून दोन्ही बाजूंचे ट्रस एकमेकांच्या बरोबर समोर नाहीत. एक थोडा पुढे, एक थोडा मागे. तोंडाची चौकट त्यामुळे रस्त्याला तिरकी आहे. असा तिरका पूल करणं नकाशा काढणाऱ्याला आणि कारखान्याला दोघांनाही जास्त कष्टाचं, कारण डावीउजवीकडचे सांधे सारखे राहत नाहीत.

त्याच उद्यानात शार्लट हायवेचा पूल आहे, 1886 चा, क्लीव्हलंडच्या बकाय ब्रिज वर्क्सने बांधलेला. तो 177 फूट लांब आणि तिथे प्रॅटची रचना पुरत नाही. गाळा वाढला की ट्रसही उंच करावा लागतो. उंच ट्रसमध्ये कर्ण योग्य कोनात ठेवायचे तर खांब दूर दूर जातात. खांब दूर गेले की मधल्या तुळया जाड लागतात आणि वजन वाढत सुटतं. स्क्वायर व्हिपलने यावर तोड काढली ती अशी: खांब जवळजवळच ठेवा, पण प्रत्येक कर्ण एक घर सोडून पुढच्या घरात न्या. एकात एक गुंफलेले दोन प्रॅट ट्रस म्हटले तरी चालेल. बाजूने बघितलं की कर्णांची ही दुहेरी वीण लगेच ओळखू येते.

पूल काठावर टेकतो तिथे एका टोकाखाली लोखंडी रूळ, म्हणजे रोलर, असतात. मिशिगनमध्ये हिवाळ्यात गोठणबिंदूच्या खूप खाली आणि उन्हाळ्यात तिशीच्या वर तापमान जातं. साठ अंशांचा फरक धरला तर 122 फूट लोखंड सुमारे अडीच सेंटीमीटर लांबतं आणि आखडतं. दोन्ही टोकं जखडली तर हा जोर दगडी बांधकामावर येईल. पूल रुळांवर पुढेमागे सरकतो आणि दगड शाबूत राहतो. पण रुळांत माती भरली, गंज चढला की ते घट्ट होतात. अनेक जुन्या पुलांचं खरं दुखणं इथे, सगळ्यात कमी दिसणाऱ्या जागी असतं.

1890 च्या आधीचे पूल बहुतेक घडीव लोखंडाचे. ते भट्टीत घोळून, लाटून केलं जाई. त्यात मळीचे बारीक तंतू राहत आणि तुटलं तर लाकडासारखे धागे दिसत. ते गंजाला चांगलं टिकतं, असा जुन्या पुलांवर काम करणाऱ्यांचा अनुभव आहे. 1890 नंतरच्या दशकात पोलाद स्वस्त झालं आणि घडीव लोखंड मागे पडलं. पोलादाच्या चॅनेलवर कार्नेगी, केंब्रिया अशी गिरण्यांची उठावदार नावं लाटतानाच उमटवलेली असतात. तुळयांच्या कडेने बारकाईने पाहिलं तर रंगाखाली ती सापडतात.

पिनेचं राज्य संपलं ते दोन कारणांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाबाच्या हवेवर चालणारं हातातलं रिव्हेट यंत्र आलं. कारखान्यासारखे पक्के रिव्हेट आता नदीवरही मारता येऊ लागले, आणि जाड पत्र्यावर सगळ्या पट्ट्या रिव्हेटने जखडलेले कडक सांधे रूढ झाले. दुसरं कारण ओझ्याचं. हे पूल घोडागाड्या आणि गुरांचे कळप डोळ्यांपुढे ठेवून केलेले. मळणीसाठी शेतोशेत फिरणारी वाफेची इंजिनं आठदहा टनांची. त्यांच्याखाली फळ्या आणि तुळया मोडून अपघात झाले. मग ट्रक आले. पिनेच्या पुलाला हादरे सोसत नाहीत: भोकं झिजतात, पट्ट्या सैल होतात, दोघींपैकी एकीवर जास्त ओझं येतं. आणि त्याचं सर्वांत मोठं दुबळेपण हे की एक कडी तुटली तर तिचं काम करायला दुसरं कुणी नसतं.

याची किंमत 15 डिसेंबर 1967 रोजी कळली. वेस्ट व्हर्जिनिया आणि ओहायो यांना जोडणारा, 1928 मध्ये बांधलेला सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत ओहायो नदीत कोसळला आणि 46 माणसं गेली. तो ट्रस पूल नव्हता, झुलता पूल होता. पण त्याची साखळी आयबारची, प्रत्येक दुव्यात दोनच पट्ट्या, पिनेने जोडलेल्या. एका पट्टीच्या डोक्यात, भोकाच्या कडेला, गंजाने सुरू झालेली बारीक चीर होती. पूल न उलगडता ती दिसणं शक्य नव्हतं. ती पट्टी तुटली, दुसरी पिनेवरून निसटली आणि सगळा पूल गेला. त्यानंतर अमेरिकेने पूल तपासणीचे राष्ट्रीय नियम केले. 1971 पासून ठरावीक मुदतीने, साधारणतः दर दोन वर्षांनी, रस्त्यावरच्या पुलांची तपासणी बंधनकारक झाली. त्या तपासण्यांत खेड्यांतले पिनेचे पूल एकामागून एक नापास होत गेले. काहींवर तीन टनांची मर्यादा आली, काही बंद झाले, पुष्कळसे भंगारात गेले.

जे वाचले त्यांना त्याच पिनेने वाचवलं. नट सोडवा, पिन ठोकून बाहेर काढा, आणि पूल पुन्हा सुट्या भागांचा होतो. कँटनच्या रॉट आयर्न ब्रिज कंपनीने 1873 मध्ये मिनेसोटात बांधलेला केर्न पूल 2020 मध्ये भाग भाग करून उतरवला गेला. मिशिगनच्या उद्यानातले पूलही असेच आले. तिथे धातुकामाचे शिक्षक वर्न मेस्लर यांनी जुन्या पद्धतीने रिव्हेट मारण्याची कला पुन्हा शिकवायला घेतली. भट्टीत रिव्हेट पिवळसर लाल होईपर्यंत तापवायचा, चिमट्याने भोकात घालायचा, एका बाजूने जड लोखंड दाबून धरायचं आणि दुसऱ्या बाजूने हवेच्या हातोड्याने डोकं घडवायचं. थंड होताना रिव्हेट आखडतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर घट्ट आवळतो; बोल्टने तसं रूप येत नाही. वाकलेले भाग ठरावीक जागी तापवून, ते आखडताना आपोआप सरळ होतील अशा बेताने सरळ करतात. माझ्या मते जतनाचा हाच खरा मार्ग आहे. जुन्या पुलाच्या बाजूने नवा काँक्रीटचा पूल बांधून जुन्याला शोभेसाठी त्यावर टांगणं म्हणजे त्याचं काम काढून घेणं. पायी चालणाऱ्यांचा भार हा या पुलांना झेपणारा भार आहे. तो त्यांनी खराच उचलावा.

आपल्याकडे या कथेचा एक धागा वसईच्या खाडीपर्यंत येतो. 1860 च्या दशकात बी.बी. अँड सी.आय. रेल्वेने गुजरात आणि मुंबई जोडताना कर्नल केनेडी यांनी वॉरन पद्धतीचे, म्हणजे उभे खांब नसलेल्या सलग त्रिकोणांचे, एकाच मापाचे 60 फुटी गाळे वापरले. भाग विलायतेतून तयार होऊन येत आणि इथे जोडले जात. पिनेचा धागा त्याहून जवळचा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश इंजिनिअर डोनाल्ड बेली यांनी दहा फुटी ट्रसच्या चौकटी पिनेने जोडून झटपट उभा राहणारा पूल काढला. 29 सप्टेंबर 2017 च्या चेंगराचेंगरीनंतर मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकात लष्कराने 2018 च्या फेब्रुवारीत जो पादचारी पूल उभा केला, तो याच बेली जातीचा. काही महिन्यांत तो वापरात आला, कारण नदीवर रिव्हेट न मारता पूल जोडायची ती जुनी युक्ती मुंबईच्या रुळांवरही तशीच उपयोगी पडली.

15 जून 2025 रोजी मावळ तालुक्यात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. असे पूल आपल्याकडे अजून वापरात आहेत आणि त्यांच्याकडे बघायला तज्ज्ञ असायलाच हवं असं नाही. तुमच्या तालुक्यात एखादा असेल तर भारमर्यादेचा फलक आधी वाचा आणि पाळा. पुलावर घोळक्याने उभे राहू नका. जमलं तर निर्मात्याची पाटी आणि वर्ष टिपून ठेवा, तुळईवर डॉर्मन लाँग किंवा टाटा असं नाव दिसलं तर त्याचा फोटो काढा. सांध्यांत फुगलेला गंज, सैल सळया, कुजलेल्या फळ्या दिसल्या तर ग्रामपंचायतीला आणि सार्वजनिक बांधकाम विभागाला लेखी कळवा, आणि त्या पत्राची पोच घ्या.